युकुलेले शिकणाऱ्याला अभिप्राय कसा द्यावा

युकुलेले हे गिटारसारखे दिसणारे चार तारांचे छोटे वाद्य शिकू लागून दोन-तीन महिने झालेला माणूस आपल्यासमोर बसून एखादे गाणे वाजवतो आणि शेवटी मान वर करून विचारतो, "कसे झाले?" या प्रश्नाला आपण जे उत्तर देतो त्यावर त्याचा पुढच्या आठवड्याचा रियाज ठरतो. "छान झाले" एवढेच म्हटले, तर तो समाधानाने घरी जातो आणि पुढच्या खेपेला त्याच चुका अधिक पक्क्या करून परत येतो. एका दमात सहा चुका सांगितल्या, तर त्यांतली एकही धड लक्षात राहत नाही आणि वाद्य काही दिवस पिशवीतून बाहेर निघत नाही. नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या माझ्या घरी रविवारी सकाळी शिकणारे जमतात. त्यांत सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारे आहेत, शाळेतली मुले आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचे वाजवणे ऐकता ऐकता आणि त्यावर बोलता बोलता जी पद्धत तयार झाली, ती येथे क्रमाने मांडतो. तिच्या मुळाशी एकच आग्रह आहे, तो म्हणजे चूक शिकणाऱ्याच्या स्वतःच्या कानाला ऐकू आली पाहिजे. नुसती सांगितलेली चूक आपण समोर असेपर्यंतच दुरुस्त राहते, पण कानाला खटकलेली चूक माणूस घरी एकटा असतानाही दुरुस्त करतो.

मैफलीत दाद देण्याची आपली रीत फार सुंदर आहे आणि शिकणाऱ्यालाही ती मिळाली पाहिजे. एखादी जागा नेटकी आली की तिथल्या तिथे "वा!" निघून जावे, त्यासाठी गाणे संपण्याची वाट पाहू नये. मात्र दाद ही वाजून गेलेल्या सुरासाठी असते आणि अभिप्राय पुढे वाजणार असलेल्या सुरासाठी असतो. एकाच वाक्यात दोन्ही मिसळून "छान झाले, पण..." असे म्हटले, की ऐकणाऱ्याला फक्त "पण" ऐकू येते.

पहिली पायरी: माणसाआधी वाद्य तपासावे

युकुलेलेच्या चार तारा जी, सी, ई, ए या स्वरांत लावतात. हार्मोनियमची सवय असलेल्यांना सांगायचे, तर पांढरी एक हा सा धरल्यास त्या प, सा, ग, ध बोलतात. त्यांतला प हा मंद्रातला नसून सा च्या वरचा असतो, म्हणून छातीकडची तार तिच्या शेजारच्या तारेपेक्षा बारीक दिसते. सोप्रानो, कॉन्सर्ट आणि टेनर या तिन्ही आकारांत हीच जुळणी चालते. बॅरिटोनची जुळणी मात्र डी, जी, बी, ई अशी असते, त्यामुळे समोरच्याच्या हातात नेमके कोणते वाद्य आहे हे पाहिल्याशिवाय "तुमची कॉर्ड चुकली" असे म्हणू नये. (कॉर्ड म्हणजे डाव्या हाताच्या बोटांनी तारा ठरावीक जागी दाबून एकदम वाजवलेला स्वरसमूह.)

वाजवायला सुरुवात होण्यापूर्वी ट्यूनरवर, म्हणजे तार सुरात आहे का ते दाखवणाऱ्या यंत्रावर, चारही तारा लावून घ्याव्यात आणि ते काम शिकणाऱ्याच्याच हातून करून घ्यावे. नव्या तारा पहिला आठवडा-पंधरवडा ताणल्या जात राहतात आणि पुन्हा पुन्हा उतरतात. हे ठाऊक नसलेल्या नवशिक्याला आपला कानच खराब आहे असे वाटू लागते, म्हणून त्याला ते स्पष्ट शब्दांत सांगावे. नाशिकची हवाही लक्षात घ्यावी लागते. डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी बोटे ताठरलेली असतात, पावसाळ्यात लाकूड ओल धरते आणि एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीत ठेवलेले वाद्य तापून सांधे सुटण्याची भीती असते. थंडीत सकाळी सात वाजता आलेल्या माणसाच्या पहिल्या पाच मिनिटांच्या वाजवण्यावर मी काहीच बोलत नाही.

आता ट्यूनर सोडून वाद्याच्या घडणीकडे वळावे. मोकळी तार बरोबर लागलेली असूनही पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी पहिलीवर) हलकेच दाबलेला स्वर प्रत्येक वेळी चढा येत असेल, तर मानेच्या टोकाशी ज्या पट्टीवरून तारा जातात तिच्या खाचा उथळ राहिलेल्या असण्याची शक्यता मोठी असते. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर यायला हवा. तो स्पष्टपणे चढा किंवा उतरलेला आला, तर दोष बोटांचा नाही. हे मी अनुभवाने शिकलो आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली. माझ्याकडे येणाऱ्या एका ताईंची एफ कॉर्ड सतत बेसूर येत होती. तीन आठवडे मी त्यांना बोट सरळ ठेवा, दाब कमी करा असे सांगत राहिलो आणि त्या निमूटपणे ऐकत राहिल्या. चौथ्या आठवड्यात त्यांचे वाद्य मी स्वतः वाजवले, तेव्हा माझ्या हातूनही तोच बेसूर आला. त्या तीन आठवड्यांत त्यांनी स्वतःला दोष देण्यात जी मेहनत घालवली, तिची मला आजही खंत वाटते. तेव्हापासून पहिल्या भेटीत प्रत्येकाचे वाद्य हातात घेऊन चार कॉर्ड वाजवल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

दुसरी पायरी: काय हवे आहे ते विचारावे

"आज मी कशाकडे लक्ष देऊ?" हा प्रश्न वाजवण्याआधी विचारावा. कोणी म्हणतो, "सी कॉर्डवरून जी कॉर्डवर जाताना अडतो, तेवढे पाहा." कोणाला नातीच्या वाढदिवसाला एकच गाणे म्हणायचे असते. कोणाला अभिप्राय नकोच असतो, नुसते कोणीतरी ऐकायला हवे असते, आणि तसे असेल तर ऐकावे व थांबावे. विचारलेल्या गोष्टीचे उत्तर आधी द्यावे. त्याहून महत्त्वाचे काही दिसले, तर "तुम्ही विचारले नव्हते, पण एक गोष्ट सांगू का?" अशी परवानगी घेऊन ते पुढे मांडावे.

तिसरी पायरी: पूर्ण ऐकावे, मग हात पाहावा

पहिल्या वेळी मधे थांबवू नये. जुन्या तालमीत गुरू चुकल्या जागी तत्क्षणी थांबवत आणि त्या शिस्तीचे मोल मी मानतो. तिथे मात्र शिष्य वर्षानुवर्षे रोज समोर असे, तर आठवड्यातून एकदा अर्ध्या तासासाठी येणाऱ्या माणसाला दर चार मात्रांनी थांबवले, तर त्याला गाणे कधीच पूर्ण वाजवता येत नाही आणि चुकल्यावर सावरण्याची सवयही लागत नाही. पहिल्यांदा ऐकताना मी डोळे मिटतो, कारण हात दिसले की कान आळशी होतो. लय कुठे ढासळली, कोणत्या कॉर्डनंतर आवाज दबला, कुठे मन मोकळे होऊन वाजले, एवढेच मनात टिपतो. दुसऱ्यांदा तेच वाजवायला सांगून फक्त डावा हात पाहतो आणि तिसऱ्यांदा फक्त उजवा. तीन वेळा वाजवताना शिकणाऱ्याचा संकोचही कमी होतो, आणि पहिल्या खेपेची जी चूक तिसऱ्या खेपेला उरलीच नाही ती घाबरण्याची होती, हे आपोआप कळते.

चौथी पायरी: ऐकू आलेल्या दोषाचे कारण शोधावे

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा. "आवाज स्वच्छ येत नाही" हे निरीक्षण शिकणाऱ्यालाही करता येते, पण तो का येत नाही हे सांगण्यासाठीच आपण तिथे बसलेलो असतो.

तार फरफरत असेल तर बोट बहुधा फ्रेटपासून मागे राहिलेले असते. ते फ्रेटच्या अगदी जवळ, पण त्यावर न चढवता ठेवले, की कमी दाबातही स्वर स्वच्छ येतो. अशा वेळी "जोरात दाबा" हा सल्ला नुकसान करतो, कारण युकुलेलेची तार आखूड आणि नायलॉनची असल्यामुळे जास्त दाबाने किंवा बाजूला ओढली गेल्याने स्वर चढतो आणि बोटे लवकर थकतात. तार फरफरत नसून ठप्प वाजत असेल, तर शेजारचे बोट तिला स्पर्श करते आहे का ते पाहावे. बोट आडवे पडत असेल किंवा डाव्या हाताची नखे वाढलेली असतील तर असे होते. एफ कॉर्डमध्ये तर याचे एक ठरलेले ठिकाण आहे. मधले बोट जी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि तर्जनी ई तारेच्या पहिल्या फ्रेटवर असताना तर्जनीचा बुंधा किंवा तळहात मानेला चिकटतो आणि सगळ्यांत खालची ए तार मोकळी असूनही बोलत नाही. शिकणारा आपल्या बोटांच्या टोकांकडे पाहत राहतो आणि दोष तळहातात असतो. त्याला एकेक तार सुटी छेडायला सांगावे. शेवटची ए तार ठप्प वाजली की तो स्वतःच हात फिरवून पाहतो.

डावा हात अवघडलेला दिसला, तर एक सोपी परीक्षा करावी. वाजवता वाजवता "डावा हात क्षणभर सोडा" असे सांगावे. वाद्याची मान खाली पडली, तर तो हात कॉर्ड धरण्याऐवजी वाद्य पेलण्यात गुंतलेला आहे असे समजावे. अशा माणसाला कॉर्ड बदलण्याचे कितीही धडे दिले, तरी त्याचा अंगठा मोकळा होत नाही. उजव्या हाताच्या कोपराखालच्या भागाने वाद्य छातीशी धरणे किंवा पट्टा लावणे, हा त्यावरचा अभिप्राय आहे.

कॉर्ड बदलताना लय तुटणे ही सर्वाधिक आढळणारी अडचण आहे आणि तिची दोन वेगळी कारणे असतात. पहिले कारण डाव्या हाताचे असते, कारण शिकणारा प्रत्येक बदलाला सगळी बोटे हवेत उचलतो. ए मायनर या कॉर्डमध्ये जी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर असलेले मधले बोट एफ मध्येही तिथेच राहते, फक्त तर्जनी टेकवायची असते. एफ मधली तर्जनी जी-सेव्हनमध्येही ई तारेच्या पहिल्या फ्रेटवरच राहते. "हे बोट उचलू नका" हे चार शब्द कित्येकांचा महिनाभराचा त्रास वाचवतात. दुसरे कारण उजव्या हातात असते. डावा हात जागेवर पोहोचेपर्यंत उजवा हात अदबीने थांबून राहतो आणि दोन्ही हात एकमेकांची वाट पाहू लागतात. हे कारण असेल, तर डाव्या हाताने चारही तारा हलक्या झाकून केवळ खाली-वर असा ठोका मिनिटभर सलग चालू ठेवायला सांगावे. मग कॉर्ड घ्यायला लावाव्यात आणि अट घालावी की कॉर्ड चुकली तरी चालेल, उजवा हात थांबायचा नाही. दोन्ही कारणांवरचा उपाय वेगळा असल्यामुळे नुसते "बदल जलद करा" असे सांगून काहीच साधत नाही.

उजव्या हाताचा आघात कोरडा आणि कर्कश येत असेल, तर हात कोपरातून हलतो आहे की मनगटातून हे पाहावे, आणि आघात घोडीजवळ, म्हणजे तारा वाद्याच्या पोटावर जिथे टेकतात तिथे, पडत असेल तर तो मान जिथे पोटाला मिळते त्या बाजूला सरकवायला सांगावे. नाशिक ढोलच्या पथकात वाजवणारी काही मुले माझ्याकडे येतात. त्यांची लय इतकी पक्की असते की तिच्यावर बोलण्यासारखे काही नसते, पण हाताला टिपरूची सवय असल्याने तारांवर घाव बसतो. त्यांना मी "हळू वाजव" असे सांगत नाही, कारण त्याने त्यांची लयही मंदावते. "लय हीच ठेव, फक्त वजन काढून घे, नखाने तारेला नुसते झाडून जा" असे म्हटले की त्यांना लगेच उमगते.

गिटार वाजवणाऱ्याने युकुलेले शिकणाऱ्याला अभिप्राय देताना विशेष सांभाळावे. पाचव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावलेल्या गिटारच्या खालच्या चार तारांशी युकुलेलेच्या कॉर्डचे आकार जुळतात, त्यामुळे आकाराबाबतचा त्याचा सल्ला उपयोगी पडतो. मात्र "आधी खर्जाची तार छेडा, मग बाकीच्या" हे गिटारवरचे सांगणे येथे लागू होत नाही. छातीकडची जी तार उंच स्वराची असल्याने तिथे खर्ज नसतोच.

पाचवी पायरी: एकच गोष्ट निवडावी

कारणे सापडली की ती सगळी सांगण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि त्या दिवसापुरती एकच गोष्ट निवडावी. निवडताना माझा क्रम ठरलेला आहे. आधी वाद्य सुरात आहे का, मग लय अखंड आहे का, मग कॉर्डचे बदल, मग प्रत्येक तारेची स्वच्छता आणि सर्वांत शेवटी आवाजाचा चढउतार व भाव. लय अखंड असेल तर एखादी तार ठप्प राहिली तरी ऐकणारा गाण्यासोबत राहतो, पण सगळ्या तारा स्वच्छ असून लय तुटत असेल तर गाणे उभेच राहत नाही. या क्रमाला मी एकच अपवाद करतो. मनगटात, अंगठ्यात किंवा खांद्यात दुखत असेल, तर बाकी सारे बाजूला ठेवून आधी बैठक आणि पकड यांवर बोलावे व त्या दिवशी वाजवणे आवरते घ्यावे.

सहावी पायरी: शब्द निवडावेत

अभिप्रायाच्या वाक्यात जागा, कारण आणि कृती या तीन गोष्टी असाव्यात. "तुमचे स्ट्रमिंग (तारांवरून हात फिरवणे) कच्चे आहे" या वाक्यात यांतले काहीच नाही. त्याऐवजी असे म्हणता येते: "काका, दुसऱ्या कडव्यात एफ वरून सी वर येताना उजवा हात एक मात्रा थांबतो, कारण तुम्ही करंगळी शेजारच्या बोटाने ए तारेचा तिसरा फ्रेट शोधत असता. ते बोट एफ वाजत असतानाच तारेच्या वर आणून ठेवा, म्हणजे वेळेवर फक्त टेकवायचे राहील." वाक्य लांब झाले, पण काकांना घरी जाऊन काय करायचे ते नेमके कळले.

कौतुकही तितकेच नेमके हवे. "मस्त" या शब्दातून शिकणाऱ्याला काय टिकवायचे ते कळत नाही. "ध्रुपदावर परत येताना तू आवाज हलका केलास, त्याने शब्द वर आले. ते तसेच ठेव" असे म्हटले, तर त्याच्या हाती काही लागते. लहान मुलांशी बोलताना एका वेळी एकच छोटे वाक्य बोलावे आणि ते त्याच्या आईवडिलांना उद्देशून, मुलाच्या डोक्यावरून बोलू नये. वयाने मोठ्या शिकणाऱ्यांच्या बाबतीत अडचण उलटी असते. त्यांचा मान राखण्याच्या भरात आपण चूक सांगतच नाही, आणि तो त्यांच्या मेहनतीचा अनादर ठरतो. साठीनंतर वाद्य हाती घेणाऱ्याला वेळेची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते. त्यांना आदराने, पण स्पष्ट सांगावे. कोणाचीही दुसऱ्या शिकणाऱ्याशी तुलना करू नये, चांगल्या अर्थानेही करू नये.

सातवी पायरी: तिथल्या तिथे करून घ्यावे

सांगून झाले की लगेच वाजवून घ्यावे, आणि तेही पूर्ण गाणे नव्हे, तर जिथे अडते तेवढ्या दोनच कॉर्ड. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक गतीने ठोके देणारे यंत्र, मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून एका कॉर्डला चार ठोके या हिशेबाने दोन मिनिटे फक्त तो बदल करवावा. तबल्याची सवय असेल तर केरव्याचा ठेका लावला तरी चालते, आणि सम चुकली की अशा माणसाला कोणी सांगावे लागत नाही. साधले तर 66 किंवा 70 वर न्यावे, न साधले तर 50 वर उतरावे. मधे एकदा विचारावे, "आता काय वेगळे ऐकू आले?" तो म्हणाला, "आता मधे खड्डा पडत नाही," तर अभिप्राय पोहोचला असे मानावे. उत्तर देता आले नाही, तर जुन्या आणि नव्या पद्धतीने आपण स्वतः वाजवून दाखवावे आणि दोन्हींतला फरक त्यालाच सांगायला लावावे. त्याच्या हातातले वाद्य काढून घेऊन दाखवू नये. आपले वाद्य जवळ ठेवावे.

गटात शिकवत असल्यास

पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि गुरूच्या घरातले शिक्षण वर्गात आणले. आयुष्याच्या उत्तरार्धात ते नाशिकला राहिले होते, म्हणून आम्हा नाशिककरांना त्यांच्याविषयी विशेष जिव्हाळा आहे. वर्ग आला की अभिप्राय चारचौघांत देण्याचा प्रश्नही आला. माझा नेम असा आहे की अनेकांना लागू पडणारा दोष सर्वांसमोर, कोणाकडेही न पाहता सांगावा आणि सर्वांकडून एकदम करून घ्यावा. एकट्याचा दोष त्याच्या शेजारी बसून हलक्या आवाजात सांगावा. शिकणाऱ्यांनी एकमेकांना अभिप्राय द्यावा असे वाटत असेल, तर त्यांना आधी केवळ ऐकू आलेले सांगायला शिकवावे. "तिसऱ्या ओळीत लय वाढली" हे चालेल, पण "तू घाई करतोस" हे चालणार नाही, कारण पहिले वाक्य वाजवण्याविषयी आहे आणि दुसरे माणसाविषयी.

ध्वनिमुद्रण पाठवले असल्यास

आठवडाभरात बरेचजण मोबाइलवर मुद्रण करून व्हॉट्सअॅपवर पाठवतात. त्यांना फोन तोंडाजवळ न ठेवता वाद्यापासून हातभर अंतरावर, पंखा बंद करून ठेवायला सांगावे आणि दोन्ही हात दिसतील असा व्हिडिओ मागावा, कारण नुसत्या आवाजावरून कारण ओळखणे अवघड जाते. फोनवरील मुद्रणात आवाजाचा चढउतार सपाट होऊ शकतो, म्हणून आवाजाच्या गोडव्यावर त्यावरून मत देऊ नये. लय, बदल आणि सूर यांवर मात्र निःशंकपणे बोलावे. उत्तर देताना "40 व्या सेकंदाला ऐका" अशी जागा द्यावी आणि काय चुकले ते लगेच न सांगता, "तिथे तुम्हाला काय ऐकू येते?" असे आधी विचारावे. बहुतेकदा उत्तर बरोबर येते आणि मग आपल्याला फक्त कारण सांगायचे राहते. लिहिलेला शब्द बोललेल्या शब्दापेक्षा कठोर वाटतो, म्हणून चुकीबद्दलचा अभिप्राय मी आवाजी संदेशाने पाठवतो आणि कौतुक लिहून पाठवतो, कारण लिहिलेले पुन्हा वाचता येते.

वही

प्रत्येकाच्या नावाची दोन पाने असलेली एक साधी वही ठेवावी. तारीख, निवडलेली एक गोष्ट, मेट्रोनोमची गती आणि शिकणाऱ्याने स्वतः काय ऐकले ते त्याच्याच शब्दांत, एवढे पुरे. पुढच्या भेटीत सुरुवात याच नोंदीपासून करावी आणि तिथे सुधारणा झाली असेल तर बाकी काही बोलण्यापूर्वी ती सांगावी. तीच गोष्ट तीन आठवडे सलग लिहावी लागली, तर शिकणाऱ्याला रागावण्यापूर्वी आपले निदान पुन्हा तपासावे, वाद्य हातात घ्यावे, उपाय बदलावा. दोन-तीन महिन्यांनी वही त्याच्यासमोर उघडून पहिल्या पानावरची गती आणि आजची गती दोन्ही वाजवून घ्याव्यात. ज्या काकांचा एफ वरून सी वर येताना हात थांबत असे, त्यांच्या पानावर जूनमध्ये 50 लिहिलेले आहे आणि सप्टेंबरमध्ये 84. मागच्या रविवारी वाजवता वाजवता ते मधेच थांबले आणि मी काही बोलण्याआधी म्हणाले, "आत्ता ए तार बोलली नाही, तळहात लागला."